मिशन एडिटरमध्ये जहाजांचा ताफा आणि मालगाडी नीट चालवण्यासाठी : नवोदितांसाठी मार्गदर्शक

'आयएल-२ स्टुर्मोविक : ग्रेट बॅटल्स' या विमानयुद्धाच्या खेळात स्वतःचे मिशन बांधायला घेतलेला माणूस विमाने आठवडाभरात उडवू लागतो, पण जहाजांचा ताफा आणि आगगाडी यांच्यापाशी आला की तिथेच अडतो. जहाज जागचे हलत नाही, हलले तर एकाच ठिकाणी घिरट्या घालत राहते, मागची जहाजे किनाऱ्यावर चढतात आणि मालगाडी स्टेशनात उभीच राहते. या प्रत्येक अडचणीतून मी स्वतः गेलो आहे आणि ती सोडवायला जितका वेळ लागला तितका वेळ दुसऱ्या कोणाचा जाऊ नये, म्हणून हे टिपण लिहीत आहे.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात राहतो. सारमानसच्या धक्क्यावरून खनिज भरून मुरगाव बंदराकडे निघालेल्या बार्ज, म्हणजे मालवाहू नौका, पाहतच आम्ही मोठे झालो. भरलेली बार्ज पाण्यात खोल बसते, सावकाश वळते आणि मांडवीच्या ठरलेल्या खोल पट्ट्यातूनच जाते. तिला मोटारीसारखे कोपऱ्यावर झटकन वळता येत नाही, हे नदीकाठच्या लहान मुलालाही ठाऊक असते. एडिटरसमोर बसल्यावर मात्र आपण हे विसरतो आणि जहाजाला मोटारीसारखी वाट आखून देतो. बहुतेक बिघाडांचे मूळ इथे आहे.

१. सुरुवातीला हाताशी काय असावे

खेळ स्थापित केलेल्या फोल्डरमध्ये 'बिन' आणि त्याच्या आत 'एडिटर' या फोल्डरात मिशन एडिटर असतो. तो खेळाच्या मुख्य पडद्यावरून उघडत नाही, फोल्डरमध्ये जाऊन स्वतंत्रपणे चालवावा लागतो. याशिवाय पुढील गोष्टी जवळ ठेवाव्यात :

- ज्या भागात मिशन घडणार त्याचा चांगला नकाशा, शक्यतो किनारपट्टी आणि लोहमार्ग स्पष्ट दाखवणारा.
- एक वही. तिच्यात प्रत्येक वेपॉइंटचा, म्हणजे वाटेवरच्या टप्प्याच्या खुणेचा, क्रमांक, वेग आणि त्रिज्या लिहून ठेवावी.
- गणकयंत्र.
- इन्व्हर्टर किंवा यूपीएस. आमच्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि जतन न केलेले दोन तासांचे काम क्षणात जाते.

एडिटरमधील मोजमाप आधी समजून घ्यावे. क्ष अक्षावर उत्तर-दक्षिण, झेड अक्षावर पूर्व-पश्चिम आणि वाय अक्षावर उंची, अशी मांडणी आहे. शाळेतल्या आलेखाची सवय असलेल्या माणसाला पहिले काही दिवस हे उलटे वाटते. वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि अंतर मीटरमध्ये भरायचे असते. जहाजांचे वेग पुस्तकांत नॉटमध्ये सापडतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

२. दोन प्रकारच्या लिंक : इथे घाई करू नये

एडिटरमध्ये जहाज ठेवले म्हणजे ते आज्ञा ऐकू लागते असे नाही. जहाज निवडून त्याची लिंक्ड एंटिटी तयार करावी लागते, आणि ती नसेल तर ते जहाज केवळ देखाव्याची वस्तू असते. नवीन माणसाचे जहाज जागचे हलत नाही, तेव्हा सर्वांत आधी हेच तपासावे.

त्यानंतर येतात लिंक. त्या दोन प्रकारच्या आहेत आणि त्यांची कामे पूर्णपणे वेगळी आहेत. टार्गेट लिंक सांगते की 'याच्यानंतर कोण'. ऑब्जेक्ट लिंक सांगते की 'ही आज्ञा कोणासाठी'. एका जहाजाची सगळ्यांत साधी साखळी अशी असते : मिशन बिगिन हे चिन्ह टार्गेट लिंकने टायमरला जोडलेले, टायमर पहिल्या वेपॉइंटला जोडलेला, पहिला वेपॉइंट दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. आणि या प्रत्येक वेपॉइंटपासून जहाजाकडे एक ऑब्जेक्ट लिंक. पुष्कळ जण पहिल्या वेपॉइंटला ऑब्जेक्ट लिंक देतात आणि पुढच्यांना द्यायची विसरतात, त्यामुळे जहाज पहिल्या टप्प्यापर्यंत शहाण्यासारखे जाते आणि तिथून पुढे त्याला कोणी काही सांगतच नाही.

मधला टायमर अनावश्यक वाटतो, पण तो वगळू नये. मिशन सुरू होताच पहिल्याच क्षणी दिलेली आज्ञा कधीकधी वाया जाते, म्हणून तीन ते पाच सेकंदांचा टायमर ठेवून मग जहाजाला निघायला सांगावे.

३. आधी एकच जहाज

ताफा करायचा असला तरी पहिल्या दिवशी एकच जहाज ठेवावे, त्याला दोन वेपॉइंट द्यावेत, मिशन जतन करून खेळात उघडावे आणि जहाज दुसऱ्या वेपॉइंटपर्यंत पोहोचते की नाही हे डोळ्यांनी पाहावे. खेळातील वेळ जलद करण्याची सोय यासाठीच वापरावी. हे एक जहाज बिनचूक चालत नाही तोपर्यंत दुसरे जहाज नकाशावर आणू नये. पाच जहाजे ठेवून झाल्यावर बिघाड शोधायला बसले तर चूक कोणत्या लिंकमध्ये आहे हे कळायला मार्ग राहत नाही.

सरावासाठी मी कुबान नकाशा सुचवीन, कारण त्यात काळ्या समुद्राचा किनारा आहे आणि इतिहासही हाताशी आहे. ४ फेब्रुवारी १९४३ रोजी सोव्हिएत नौसैनिक नोव्होरोसीस्कजवळ मिस्खाकोच्या किनाऱ्यावर उतरले आणि त्या छोट्या भूभागाला, म्हणजे 'मालाया झेमल्या'ला, सप्टेंबरपर्यंत गेलेंझिकहून लहान बोटींनी, मुख्यतः रात्री, रसद पोहोचवली जात होती. गेलेंझिक ते मिस्खाको हे समुद्रमार्गे अंतर साधारण २५ ते ३० किलोमीटर आहे.

४. वाट आखणे

जहाजांच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

पहिली गोष्ट अशी की जहाज एका वेपॉइंटकडून दुसऱ्याकडे सरळ रेषेत जाते. मध्ये जमीन आहे का, हे ते पाहत नाही. गेलेंझिकहून थेट नोव्होरोसीस्क बंदराकडे रेघ मारली, तर ती त्सेमेस उपसागराच्या तोंडाशी असलेल्या दूब भूशिराला घासून जाते. तिथे ताफा अडकतो. यासाठी भूशिराच्या पश्चिमेला, खुल्या पाण्यात, एक जादा वेपॉइंट देऊन मगच उपसागराच्या आत वळवावे. जिथे जिथे किनारा पुढे आला आहे, तिथे दीड-दोन किलोमीटर पाणी सोडून वाट आखणे मला सुरक्षित वाटते. आमच्याकडे पावसाळ्यात आग्वादजवळचा वाळूचा बांध धोक्याचा होतो, तेव्हा बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरून मुरगावला जात. लांबची पण निर्वेध वाट पत्करणे हा दर्यावर्दी माणसाचा जुना शहाणपणा आहे, आणि एडिटरमध्येही तोच उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट वेपॉइंटच्या त्रिज्येची. प्रत्येक वेपॉइंटच्या गुणधर्मांत 'एरिया' नावाचा आकडा असतो. जहाज त्या वर्तुळात शिरले की वेपॉइंट पूर्ण झाला असे मानले जाते. विमानांच्या मिशनमधून कॉपी केलेला किंवा अंदाजाने भरलेला छोटा आकडा इथे घात करतो. माझ्या एका मिशनमध्ये सोव्हिएत विनाशिका होती. तिच्या वळणाच्या वेपॉइंटला मी ५० मीटरची त्रिज्या दिली होती. ती वेपॉइंटच्या अगदी कडेने गेली, तिला वर्तुळ सापडले नाही, म्हणून ती वळून परत आली. वळणाचा घेर मोठा असल्यामुळे दुसऱ्या खेपेलाही ती बाजूनेच गेली. वरून पाहिले तेव्हा पाण्यावर तिच्या मागचा पांढरा फेस एकात एक अडकलेल्या बांगड्यांसारखा दिसत होता. दोन संध्याकाळी मी लिंक तपासत बसलो, आणि चूक लिंकमध्ये नव्हतीच. त्रिज्या ५०० मीटर करताच ती विनाशिका सरळ पुढे निघून गेली. तेव्हापासून मोठ्या जहाजांना मी ४०० ते ६०० मीटर देतो, आणि लहान गस्ती बोटींना २०० पुरे होतात.

तिसरी गोष्ट, वळण तीव्र ठेवू नये. ९० अंशांचे वळण एकाच वेपॉइंटवर देण्याऐवजी दोन किंवा तीन वेपॉइंटमध्ये वाटून द्यावे. एकट्या जहाजाला तीव्र वळण कदाचित जमेलही, पण मागे ताफा असेल तर मागची जहाजे एकमेकांच्या वाटेत येतात.

५. एकाचे अनेक करणे

पहिले जहाज बिनचूक चालू लागले की ताफा करण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग नेता आणि अनुयायी यांचा. मागच्या प्रत्येक जहाजापासून पुढच्या जहाजाकडे टार्गेट लिंक द्यावी आणि वेपॉइंटची ऑब्जेक्ट लिंक केवळ नेत्यालाच ठेवावी. यात काम थोडे, आणि खुल्या समुद्रात हा मार्ग चांगला आहे. जहाजे ठेवताना मात्र सर्वांची तोंडे वाटेच्या दिशेला असावीत आणि दोन जहाजांत किमान ४०० ते ५०० मीटर अंतर असावे, नाहीतर निघतानाच गोंधळ होतो.

दुसरा मार्ग प्रत्येक जहाजाला स्वतःची वेगळी वेपॉइंटची साखळी देण्याचा आहे. पहिल्या जहाजाची साखळी कॉपी करून दोनशे-तीनशे मीटर बाजूला सरकवावी आणि तिची ऑब्जेक्ट लिंक दुसऱ्या जहाजाला द्यावी. काम दुप्पट होते, तरी अरुंद पाण्यात आणि बंदराच्या तोंडाशी मी नेहमी हाच मार्ग घेतो, कारण नेता बुडाला तरी मागच्यांची वाट शाबूत राहते. खेळाडू हमखास पहिल्याच जहाजावर बॉम्ब टाकतो, हे मिशन बांधणाऱ्याने गृहीत धरले पाहिजे.

या दोन मार्गांच्या मधला एक सोपा वाटणारा मार्ग आहे, आणि तोच सापळा आहे. एकाच वेपॉइंटवरून सर्व जहाजांना ऑब्जेक्ट लिंक दिली की काम झाले, असे वाटते. पण सर्वांत पुढचे जहाज त्या वेपॉइंटच्या वर्तुळात शिरते, तेव्हा टार्गेट लिंकने पुढचा वेपॉइंट जागा होतो, आणि तो त्याला जोडलेल्या सर्वच जहाजांना हुकूम देतो. मागची जहाजे अजून दोन किलोमीटर मागे असतानाच वळतात. म्हणजे ती कोपरा कापून जातात, आणि कोपऱ्यात भूशीर असेल तर थेट त्याच्यावर. आपला ताफा वळणापर्यंत सुंदर चालतो आणि वळणावरच फुटतो, अशी तक्रार असेल तर हीच चूक आहे असे समजावे.

वेग सर्वांत मंद जहाजाचा ठेवावा. खऱ्या ताफ्यांचा नियमही हाच होता. जर्मन नौदलाच्या 'मरीनफेअरप्राम' नावाच्या सपाट तळाच्या मालवाहू बोटी साधारण १० नॉटने, म्हणजे ताशी १८ ते १९ किलोमीटरने चालत. १७व्या जर्मन आर्मीने कुबानमधून क्रिमियात माघार घेतली, ती ९ ऑक्टोबर १९४३ ला पूर्ण झाली, आणि केर्चची सामुद्रधुनी ओलांडायला अशाच बोटी राबत होत्या. असा ताफा दाखवायचा असेल तर सोबतच्या वेगवान टॉर्पेडो बोटीलाही ताशी १८ किलोमीटरच द्यावा. तिला तिचा मूळ वेग दिला तर दहा मिनिटांत ती नजरेआड होते.

६. वेळेचे गणित

ताशी १८ किलोमीटरने चालणारे जहाज मिनिटाला ३०० मीटर जाते. गेलेंझिक ते मिस्खाको हा सगळा प्रवास दीड तासाचा होतो. कोणताही खेळाडू दीड तास थांबणार नाही, म्हणून ताफा बंदरातून निघतो असे दाखवण्याचा मोह आवरावा आणि त्याला वाटेच्या मध्यावर, चालत्या स्थितीत ठेवावे. खेळाडूचे विमानतळ ३० किलोमीटरवर असेल आणि तो ताशी ३०० किलोमीटरने आला, तर त्याला ६ मिनिटे लागतील. उड्डाण आणि चढाईचे ६ मिनिटे धरले, तर १२ मिनिटांत ताफा सुमारे ३.६ किलोमीटर पुढे गेलेला असेल. भेटीची जागा नकाशावर ठरवावी आणि तिथून ३.६ किलोमीटर मागे ताफा ठेवावा. शेवटचा वेपॉइंट भेटीच्या जागेच्या खूप पुढे असावा, म्हणजे हल्ला होईल तेव्हा ताफा चालताच असेल.

हेच गणित मालगाडीला लावले तर आकडे बदलतात. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी त्याच १२ मिनिटांत ८ किलोमीटर जाते.

७. आगगाडी

गाडीला रूळ असतात, त्यामुळे एका अर्थी ती जहाजापेक्षा सोपी आहे. ती रुळांवरून आपली वाट स्वतः शोधते. पण तिच्या काही अटी आहेत.

इंजिन अगदी रुळावर ठेवावे आणि त्याचे तोंड रुळाच्या दिशेला, ज्या बाजूला जायचे आहे त्याच बाजूला असावे. एडिटरमध्ये जवळ जाऊन, वरून पाहून हे नीट जुळवावे, दुरून पाहून समाधान मानू नये. वेपॉइंटही रुळावरच ठेवावेत. पहिला वेपॉइंट इंजिनाच्या पुढे, चांगल्या अंतरावर असावा. तो इंजिनाच्या मागे पडला असेल तर गाडी उभी राहते, आणि नवीन माणूस टायमर तपासत बसतो.

डबे वेगळे ठेवायचे नसतात. इंजिनाच्या गुणधर्मांत डब्यांची यादी असते, तिच्यात एकेक डबा जोडावा. कोळसा आणि पाण्याचा टेंडर प्रथम घ्यावा. जर्मन बाजूला जी-८ आणि सोव्हिएत बाजूला 'ई' मालिकेचे इंजिन उपलब्ध आहे, आणि प्रत्येकाचा टेंडर वेगळा आहे. एकाचा टेंडर दुसऱ्याला लावला तर ते जाणकाराच्या डोळ्याला लगेच खुपते. 'ई' हे दहा चालक चाकांचे मालगाडीचे इंजिन जगात सर्वाधिक संख्येने बांधल्या गेलेल्या वाफेच्या इंजिनांपैकी आहे, त्यामुळे पूर्व आघाडीच्या जवळजवळ कोणत्याही मिशनमध्ये ते शोभते. विमानविरोधी तोफेचा डबा एक पुढे आणि एक शेवटी ठेवावा. आठ ते बारा डबे पुरेसे असतात.

एका मार्गावर समोरासमोर दोन गाड्या सोडू नयेत. कोकण रेल्वेने प्रवास केलेल्या प्रत्येकाला थिवी किंवा करमळीला गाडी कितीतरी वेळ का उभी राहते हे माहीत असते. मार्ग एकेरी, म्हणून समोरची गाडी आल्याशिवाय हिला पुढे जाता येत नाही. खेळातील गाड्यांसाठी असा स्टेशन मास्तर कोणी नाही. तो आपणच व्हावे लागते. पहिली गाडी शेवटच्या वेपॉइंटला पोहोचली की त्या वेपॉइंटपासून टार्गेट लिंकने दुसऱ्या गाडीचा टायमर सुरू करावा, आणि त्याआधी दुसरी गाडी सोडूच नये. पोहोचलेली गाडी डिलीट ट्रिगरने, म्हणजे वस्तू नाहीशी करणाऱ्या आज्ञेने, काढून टाकली तर मार्ग मोकळा होतो आणि संगणकावरचा भारही कमी होतो.

८. खेळाडू जवळ आल्यावरच जागे करणे

जहाजावरची प्रत्येक तोफ आणि तिचा तोफची यांचे गणित संगणकाला सतत करावे लागते. दोन विनाशिका आणि सहा मालवाहू जहाजे मिशनच्या पहिल्या सेकंदापासून चालत असतील, तर जुन्या संगणकावर खेळ अडखळतो. यावर उपाय म्हणजे चेक झोन हा ट्रिगर. ताफ्याच्या जागेभोवती १५ ते २० किलोमीटरचे वर्तुळ घ्यावे, खेळाडूच्या बाजूची विमाने त्यात शिरली की ट्रिगरने अ‍ॅक्टिव्हेट आज्ञा द्यावी, तिथून टायमर, आणि टायमरपासून पहिला वेपॉइंट. जहाजांच्या एंटिटीमध्ये 'एनेबल्ड'ची खूण काढायला विसरू नये, नाहीतर ती आधीपासून उभी दिसतात. वर्तुळ फार लहान ठेवले तर खेळाडूच्या डोळ्यांदेखत समुद्रातून जहाजे उगवतात आणि सगळा भास मोडतो. हे मात्र संपूर्ण मिशन नीट चालल्यावरच करावे. चेक झोन आधी लावला तर ताफा का चालत नाही हे तपासणे अवघड होते.

९. जतन करणे आणि तपासणे

प्रत्येक टप्प्यानंतर नवीन नावाने जतन करावे : ताफा-१, ताफा-२, ताफा-३. जुनी फाइल पुसू नये. मिशनची मूळ फाइल मजकुराची असते आणि तिच्या शेजारी 'एमएसएनबिन' शेवटाची दुसरी फाइलही दिसते. बदल करूनही खेळात जुनेच वागणे दिसत असेल, तर या दुसऱ्या फाइलची तारीख पाहावी. ती जुनी असेल, तर मजकुराची फाइल सुरक्षित असल्याची खात्री करून तिला काढून टाकावे आणि मिशन पुन्हा जतन करावे.

तपासणी करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत लिहावी. बिघाड शोधण्याचा माझा क्रम असा आहे : जहाज हलत नसेल तर एंटिटी, मग ऑब्जेक्ट लिंक, मग टायमर. मध्येच थांबत असेल तर ज्या वेपॉइंटपाशी थांबते त्याची ऑब्जेक्ट लिंक आणि त्याच्याकडून पुढे जाणारी टार्गेट लिंक. घिरट्या घालत असेल तर त्रिज्या. वळणावर ताफा फुटत असेल तर एकाच वेपॉइंटला अनेक जहाजे जोडली आहेत का. गाडी उभी असेल तर इंजिनाचे तोंड आणि पहिला वेपॉइंट. यात उत्तर सापडले नाही, तर त्या जहाजाला सोबतच्या सर्वांपासून तोडावे, रिकाम्या मिशनमध्ये एकटे ठेवावे आणि दोन वेपॉइंट देऊन पुन्हा पाहावे.